मेजरांचं रोड टच घर

आमच्याकडं फौजेतून पेन्शनवर आलेल्या कुठल्याही माणसाला मेजर म्हणतात. तिथं तो बंदूक चालवायचा की भाकरी भाजायचा, याची कुणी चौकशी करत नाही. जोतिबा मेजर फौजेत ट्रक चालवायचे आणि हवालदार म्हणून घरी आले. पण चहावाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळे त्यांना मेजरच म्हणायचे, आणि त्यांनाही ते गोड लागायचं. मी त्यांची शेजारीण. ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवते. माझ्या मशीनसमोरच्या खिडकीतून त्यांचा ओटा आणि अंगण दिसतं, म्हणून यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. उरलेलं मंगलवहिनींनी, म्हणजे मेजरांच्या बायकोनं सांगितलं, आणि त्या बाईला खोटं बोलायला जमतच नाही.

खंडाळा म्हटलं की शहरातल्या माणसांना लोणावळ्याशेजारचं थंड हवेचं खंडाळा आठवतं. आमचं ते नव्हे. आमचं साताऱ्यातलं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं, आणि इथली हवा खायला कुणी येत नाही. आमची घरं महामार्गाच्या सर्व्हिस रोडला चिकटून आहेत. पुण्याकडून भरून आलेला ट्रक चढ लागायच्या आधी बरोबर आमच्या दारात गिअर बदलतो, जोर लावतो, मागं काळा धूर सोडतो आणि घाटाला लागतो. त्याच्यामागं दुसरा असतोच. मेजरांनी घराला पिस्ता रंग दिला होता. दुसऱ्या दिवाळीला तो कुठला रंग होता हे सांगायला लागायचं. मी पांढरं कापड बेतायला घेतलं की आधी टेबल पुसते, पंखा बंद करते, मगच घडी उलगडते, आणि तरी शिवून होईपर्यंत कॉलरला काजळी लागतेच.

आणि असल्या जागेसाठी माणसं एकमेकांच्या उरावर बसतात! कारण काय, तर जागा रोड टच आहे. आमच्याकडं सोयरीक जमवताना आधी जमीन विचारतात आणि लगेच दुसरा प्रश्न, रोड टच आहे का? नवरा मुलगा टकला असला तरी चालतो, पण जमीन आत नको. रोडला टच असलेल्या माणसाला वाटतं आपण नशीब काढलं. मीही त्यातलीच. दुकान चालतं म्हणून बसले आहे.

मेजरांचं मात्र दुकान नव्हतं, हॉटेल काढायचं नव्हतं. त्यांना रस्ता हवा होता तो वेगळ्याच कारणानं. त्यांचं मूळ गाव वडूजच्या पुढं, माळावर. वडील कोंडीबा मेंढरं राखायचे. मेजर शाळकरी असताना त्यांच्या धाकट्या बहिणीला, हरणाला, वाड्याजवळ साप चावला. वाडा म्हणजे मेंढरांचा, काट्याकुट्यांचं कुंपण घातलेला. कोंडीबांनी पोर खांद्यावर टाकली आणि डांबरी रस्त्याकडं पळत सुटले. मागून हा पोरगा. रस्ता लांब होता. ही गोष्ट मेजरांनी मला एकदाच सांगितली, आणि सांगताना माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाले, "ताई, डांबर दिसलं आन पोरगी गेली. तवाच ठरवलं, आपल्या घरातल्या पोराला गाडीसाठी पळायला लागाय न्हाई पायजे. गाडी दारात आली पायजे."

पेन्शनीचा सगळा पैसा त्यांनी या घरात घातला. मुलगा विश्वजित शिरवळच्या एका कारखान्यात लागला, त्याचं लग्न झालं, सून प्रियदर्शनी आली. ती वडूजकडचीच. मग शिवांजली झाली. दवाखान्यातून बाळाला आणलं तेव्हा गाडी थेट ओट्याला लागली, आणि मेजर माझ्याकडं बघून नुसते हसले. त्या दिवशी त्या माणसाला जगात काही मागायचं राहिलं नव्हतं.

शिवू चालायला लागली तशी खोकायला लागली. आधी म्हटलं दात येतायत, मग म्हटलं थंड खाल्लं, मग म्हटलं पोराटोरांत खेळते, कुणाची तरी सर्दी लागली. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झालं, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकून झाली. आमच्या आळीत असं खोकणारी ती एकटी नव्हती. रोडच्या ओळीतल्या सगळ्याच पोरांची नाकं वाहतात, पण जे सगळ्यांनाच होतं त्याला आजार कोण म्हणणार? शेवटी साताऱ्याच्या मुलांच्या डॉक्टरीण बाईंकडं नेली. त्यांनी बालदमा म्हणून सांगितलं, पंप दिला, आणि घरात धूर होऊ देऊ नका म्हणाल्या. घरात चूल नव्हती, विडी कुणी ओढत नव्हतं. मंगलवहिनींनी त्या दिवसापासून उदबत्ती बंद केली आणि आपल्याकडून धूर संपला असं धरलं.

पंप फ्रिजवर जाऊन बसला. मेजरांचं म्हणणं, "एकदा का पंप तोंडाला लागला की मरस्तवर सुटत न्हाई. पोरीची जात हाय. उद्या पावणं बघायला आलं तर काय सांगायचं?" सहा वर्षांची पोर आणि हे पाहुण्यांची काळजी करत होते. प्रियदर्शनीनं एकदोनदा तोंड उघडलं. सासऱ्यापुढं ते मिटवायला लागलं.

आता मेजरांनी त्यावर जो उपाय काढला तो ऐका. असला उपाय फौजी माणसालाच सुचावा, आणि तोही आमच्या जिल्ह्यातल्या.

इथं दर गावात पहाटे रस्त्यावर पोरं पळताना दिसतात. भरतीची पोरं. कुणाला फौजेत जायचंय, कुणाला पोलिसात. मैदान कुठं आहे? म्हणून रस्ता. मेजर आमच्या भागातल्या पोरांना फुकट तयार करायचे. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि सर्व्हिस रोडवर त्यांचा आवाज. त्यांच्या हातची कितीतरी पोरं भरती झाली, त्याचा आम्हाला सगळ्यांनाच अभिमान होता. त्यांनी ठरवलं, शिवूची छाती बंद आहे, पळाली की उघडेल. झालं. दुसऱ्या दिवसापासून दोन वेण्या, लाल बूट घातलेली ही चिमणी भरतीच्या पोरांच्या मागनं पळायला लागली.

मी एकदा खिडकीतून म्हटलंच, "मेजर, धुरात कशाला पळवताय लेकराला? थंडीचा धूर खालीच बसतोय, नाकात जातोय."

"आवं ताई, फौजेत आमी ह्याच्यापेक्षा वंगाळ हवंत पळालोय. त्यानंच छाती घट्ट हुती. तुमी बघत ऱ्हावा."

मी बघत राहिले. थंडीत आमच्या खोऱ्यात पहाटेचा धूर वर जातच नाही, रस्त्यावर गोधडीसारखा पडून असतो. त्यात ती पोरगी तोंड उघडं टाकून पळायची. गंमत अशी की तिला ते फार आवडायचं. चढाला लागलेला भरला ट्रक हळू जातो, ती त्याच्या बाजूनं पळायची आणि त्याला मागं टाकलं की दोन्ही हात वर करून ओरडायची. मेजर शिट्टी मारायचे. मग ती ओट्यावर बसून खोकत राहायची आणि मेजर म्हणायचे, "निघू दे, निघू दे. सगळा कफ भायेर निघू दे."

संध्याकाळचा कार्यक्रम मंगलवहिनींचा. दिवेलागणीला पुढचं दार सताड उघडायचं, कारण लक्ष्मी येते. मागचं दार लावायचं, कारण आलेली लक्ष्मी तिकडून जाऊ नये. आमच्यात घरोघरी हेच करतात, मीही करते. मेजरांच्या मागच्या दाराला ज्वारीचं रान आहे, रानापलीकडं डोंगर, तिकडून छान वारं येतं. ते दार बंद. पुढचं दार महामार्गाला, आणि दिवेलागणीला महामार्ग कसा तुंबतो ते विचारू नका. दिव्यासमोर मांडी घालून शिवू शुभंकरोति म्हणायची आणि दर दोन ओळींनी खोकायची. लक्ष्मी त्या घरात शिरत होती का हे देवाला माहीत, डिझेलचा धूर मात्र रोज शिरत होता. एकानं पहाट सांभाळली, दुसरीनं संध्याकाळ. दोघांचाही त्या पोरीवर जीव होता, म्हणून तर मला आजही त्यांचा धड राग करता येत नाही.

मग दिवाळीची सुट्टी लागली. शनिवार. पुण्याची सगळी माणसं एकाच दिवशी गावाला आणि महाबळेश्वरला निघाली होती. दुपारपासूनच आमच्या दारात गाड्या इंचाइंचानं सरकत होत्या. चारच्या सुमाराला प्रियदर्शनीची हाक आली. मी गेले तर शिवू पलंगावर दोन्ही हात टेकून पुढं वाकून बसलेली. नाकपुड्या फुललेल्या, बरगड्यांच्या मध्ये श्वासागणिक खड्डे पडत होते, आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज. बोलायला गेली की शब्द अर्ध्यात तुटायचा. प्रियदर्शनीनं फ्रिजवरचा पंप काढला आणि तिच्या तोंडात दाबला, पण तो कसा ओढायचा हे पोरीला कुणी शिकवलंच नव्हतं. औषध ओठावरून बाहेर उडून गेलं.

"शिरवळला जाऊया," प्रियदर्शनी म्हणाली. "तिकडं पुण्याच्या अंगाचा रस्ता मोकळा हाय."

"साताऱ्याला जायचं. त्या बाईंना ठावं हाय तिचं सगळं. नवीन डॉक्टर काय करंल?" मेजरांनी किल्ली उचलली पण होती.

विश्वजित पाळीवर होता. मेजर स्टेअरिंगवर बसले, मागं प्रियदर्शनी पोरीला घेऊन, तिच्या शेजारी मी. मंगलवहिनी देवापुढं बसल्या. गाडी दारातच होती, पळायला लागलं नाही.

घाटात पहिल्या वळणाच्या पुढं गेलो आणि सगळं थांबलं. तो घाट चढायचाच आहे, एकेरी. समोर ट्रक, मागं ट्रक, बाजूला लक्झरी. वळून परत जायचं म्हटलं तरी जागा नाही. काच लावली की आत कोंडायचं, उघडली की धूर. दरीच्या बाजूचा वारासुद्धा त्या दिवशी पडला होता. शिवूचे ओठ निळसर दिसायला लागले. प्रियदर्शनी तिच्या पाठीवरून हात फिरवत एकच वाक्य बोलत होती, "श्वास घे बाळा, श्वास घे." घेण्यासारखं काय होतं तिथं?

मेजर गाडीतून उतरले. मला वाटलं मदत शोधायला पुढं जातायत. ते समोरच्या ट्रकच्या केबिनपाशी गेले आणि दार ठोठावलं. हिंदीत म्हणाले, "इंजन बंद करो भाई. पीछे बच्ची है, साँस नहीं ले पा रही." ड्रायव्हरनं मागं वाकून बघितलं आणि इंजिन बंद केलं. मेजर पुढच्या ट्रककडं गेले. मग त्याच्या पुढच्या. मग मागं आले, मागचे ठोठावले. कुणी लगेच ऐकलं, कुणी हात जोडल्यावर. एक चकचकीत गाडीवाला म्हणाला, एसी बंद केला तर आम्हाला त्रास होतो. त्याच्या काचेवर मेजरांनी कपाळ टेकवलं. फौजेत ज्यानं कुणापुढं मान वाकवली नाही असं आम्ही ऐकत आलो, त्या माणसाला मी त्या काचेला टेकलेला बघितलं. मग त्या गाडीवाल्यानंही इंजिन बंद केलं.

मग घाट गप्प झाला. मी इतकी वर्षं त्याच्या पायथ्याशी राहते, पण तो गप्प झालेला मी पहिल्यांदा ऐकला. दरीत कुठंतरी बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. धूर हळूहळू विरला, गवताचा वास आला. शिवूचा श्वास सुधारला असं मी म्हणणार नाही, पण तिनं डोळे उघडले आणि आजोबा कुठं आहेत म्हणून विचारलं.

तेवढ्यात वर कुठंतरी वाट मोकळी झाली. एकाच वेळी सगळी इंजिनं सुरू झाली. चढावर थांबलेला भरला ट्रक जागेवरून उचलायचा म्हणजे किती जोर लावावा लागतो हे मेजरांना सांगायला नको होतं. आमच्या गाडीसमोरचं सगळं काळं झालं. मेजर त्यातून खोकत, हातानं चाचपत गाडीपर्यंत आले.

घाटमाथ्यावर रुग्णवाहिका उभी होती म्हणून पोरगी वाचली. त्यातल्या माणसानं ऑक्सिजन लावला आणि साताऱ्यापर्यंत सायरन वाजवत नेली. मी देवाधर्मातली फारशी नाही, पण त्या माणसाच्या मी पाया पडले.

दुसऱ्या दिवशी शिवू उशीला टेकून बसली. डॉक्टरीण बाई आल्या. चांगल्या होत्या, आमच्यावर खेकसल्या नाहीत. पोरीशीच गप्पा मारायला लागल्या. शाळेत जातेस का, खेळतेस काय?

"मी पळते," शिवू म्हणाली. आवाज बारीक होता, पण तोरा होता. "रोज सकाळी. भरतीच्या दादांबरोबर. आजोबा शिट्टी मारत्यात."

"हो? कुठं पळता?"

"हायवेला. ट्रकच्या कडंनं. ट्रकला मी हरीवते."

"दम लागला की थांबतेस ना?"

"थांबायचं न्हाई. थांबला तो संपला."

बाईंनी तपासणीची नळी गळ्यातून काढली. मग खुर्ची ओढून मेजरांसमोर बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. लहान मूल त्याच्या वजनाच्या मानानं आपल्यापेक्षा जास्त हवा ओढतं. गाडीचा धूर सुटतो तो त्याच्या तोंडाच्या उंचीलाच. त्याची फुप्फुसं अजून वाढत असतात, आणि आता जे बिघडेल ते पुढं सगळंच्या सगळं भरून निघेल असं सांगता येत नाही. त्यात पळताना श्वास खोल जातो, तोंडानं जातो, म्हणजे नाकात अडणारी घाणही थेट आत. पंपाची सवय लागत नाही, पंप रोज द्यायचा. पळणंही वाईट नाही, पण तिथं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "औषध मी देईन. पण तुम्ही तिला परत त्याच घरात नेलंत तर मी तरी किती पुरी पडणार?"

मेजर "व्हय" म्हणाले. सरळ उभे राहिले, बाहेर गेले. मी मागनं गेले तर जिन्याच्या पायरीवर बसले होते आणि गळ्यातली शिट्टी मुठीत आवळली होती.

"ताई, माझ्या हातानं," ते म्हणाले. "रोज उठवून, बूट घालून, माझ्या हातानं."

ते रडत होते. मी शेजारच्या पायरीवर बसले. तुमचा काय दोष, असं मी म्हटलं, आणि ते त्यांनाही खोटं वाटलं आणि मलाही.

घरी आल्यावर शिट्टी बंद झाली. भरतीच्या पोरांना त्यांनी कॅनॉलच्या बाजूला पिटाळलं आणि म्हणाले, "हायवेला पळताना दिसलासा तर तंगडी मोडीन." पंप कसा द्यायचा हे ते स्वतः शिकून आले, त्याला लावायचं प्लॅस्टिकचं नळकांडं आणलं, सकाळ-संध्याकाळ स्वतः द्यायला लागले. मंगलवहिनींनी पुढचं दार बंद ठेवलं. लक्ष्मीला मागनं बोलवताना त्या दर वेळी हात जोडून तिची माफी मागायच्या, हे मी बघितलंय. खिडक्यांना ओले पडदे लावले, ते दुपारपर्यंत काळे व्हायचे. मेजर एका कार्यालयात जाऊन आले, तिथून दुसऱ्या. रस्ता ह्यांचा, गाड्या त्यांच्या, धूर कुणाचाच नाही! रुंदीकरणात गेलेली वडाची झाडं परत लावा, एवढं तरी करा म्हणाले, तर अर्ज ठेवून जा म्हणून सांगितलं.

मार्गशीर्षात शिवूला पुन्हा धाप लागली. या वेळी थोडक्यावर निभावलं. पण प्रियदर्शनीनं त्याच दुपारी बॅग भरली. सासऱ्यापुढं कधी न बोललेली ती पोर ओट्यावर उभी राहून म्हणाली, "मामंजी, मी हिला घिऊन म्हायेरी चालले. ह्या घरात माझी पोरगी परत येणार न्हाई. दुसरं घर झालं की बोलवा, तवा येते."

मेजरांनी तिची बॅग स्वतः उचलून गाडीत ठेवली.

वडूजकडं शिवू सुधारली. तिकडं पाऊस नाही, पाणी नाही, पण वारं आहे. पोर झोपेत खोकत नाही म्हणून फोन आला तेव्हा मंगलवहिनी पदरात तोंड घालून रडल्या. विश्वजितची नोकरी इथं, बायको-पोरगी तिथं. सुट्टीला तो जायचा, आणि दर वेळी शिवू त्याला विचारायची, आजोबांनी घर घेतलं का? आत, रस्त्यापासून लांब, डोंगराच्या अंगाला दोन खोल्यांची जागा मिळत होती. पण घेणार कशावर? जे काही होतं ते सगळं या घरात होतं. हे विकल्याशिवाय ते मिळत नव्हतं, आणि तोवर पोरीला आई-बाप एका छपराखाली मिळत नव्हते. मेजरांना दिवसरात्र दुसरा विचार नव्हता.

गिऱ्हाइकांना तोटा नव्हता, रोड टच म्हटल्यावर रांग लागली. पण मेजर पहिला प्रश्न विचारायचे, घरात लहान पोर आहे का? असलं की चहा पाजून वाटेला लावायचे. मंगलवहिनी त्यांच्यावर चिडायच्या. नातीच्या काळजीनं झुरायचं आणि आलेलं गिऱ्हाईक घालवायचं, हे कुठलं शहाणपण? मेजर म्हणायचे, "आपलं काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालू व्हय?" एक गॅरेजवाला आला होता, त्याला नुसती जागा हवी होती. मेजर खूश झाले. पण त्याला त्याच्याच भावकीनं अडवलं आणि तो फिरकलाच नाही. असा उन्हाळा आला.

मग ऋषिराज आला. तरणाबांड, स्वतःचे दोन टेम्पो, बोलायला लाघवी. जागा बघून हरखला. मेजरांनी प्रश्न विचारला.

"हाय की," तो म्हणाला. "पोरगा हाय, आठ म्हयन्यांचा. त्याच्याच पायगुणानं दुसरा टेम्पो आला."

मेजरांनी त्याला ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. पहाटेचं पळणं सांगितलं, घाट सांगितला, डॉक्टरीण बाई सांगितल्या. स्वतःचं काही झाकलं नाही. भिंतीवर बोट ओढून काळं झालेलं बोट त्याच्यापुढं धरलं. ऋषिराज मान हलवत ऐकत होता. मग "एक फोन करतो" म्हणून बाहेर आला आणि माझ्या खिडकीखाली उभा राहून वडिलांशी बोलला.

"आण्णा, म्हातारा लय पोचल्याला हाय. नातीचं आजारपण सांगून टाळतोय. दुसरं गिऱ्हाईक जादा देत आसणार. जागा सोन्यासारखी हाय, हातची जाईल. आपुन वाढवून टाकू."

आत जाऊन त्यानं वाढवून सांगितलं. मेजर उठून उभे राहिले. मग ओरडले, "आरं गड्या, भाव वाढवाया बोलत न्हाई मी! तुज्या लेकरासाठी बोलतोय!"

"मेजर, तुमी मानूस लय साधं," ऋषिराज हसला आणि त्यांच्या पायाला हात लावला. "तेवढ्यासाठीच तर तुमच्याकडनं घ्यायचंय."

मेजर खरं बोलतायत हे सांगायला मी उठले. गेले, सांगितलंही. ऋषिराज मला म्हणाला, "मावशी, तुमीबी इथंच ऱ्हाताय की. तुमाला काय झालंय?" खोकला मला होता, पण तो आला नाही नेमका.

मेजरांनी रात्रभर विचार केला असेल. सकाळी प्रियदर्शनीचा फोन आला. शाळेचं नवीन वर्ष सुरू होईल, शिवूचं नाव तिथंच घालायचं का, असं ती विचारत होती. घातलं की वर्षभर तिथंच. मेजर फोन कानाला धरून ओट्यावर आले, रस्त्याकडं बघितलं. मग म्हणाले, "नको. नाव हितंच घालू, खंडाळ्यात. मी घर इकतोय."

ऋषिराजला त्यांनी परत एकदा सांगितलं. विसार घेताना सांगितलं, खरेदीच्या दिवशीही सांगितलं. नोंदणी कार्यालयातला कारकूनही हसला.

घर सोडायच्या दिवशी संध्याकाळी टेम्पोत शेवटचं सामान चढत होतं. नव्या माणसांचं थोडं सामान आलं होतं. ऋषिराजची बायको राजेश्वरी, वीस-बावीसची पोरगी, बाळाला मांडीवर घेऊन पुढच्या ओट्यावर बसली होती. हातात वरणभाताची वाटी. तोंड महामार्गाकडं. मेजर पाण्याची टाकी दाखवून बाहेर आले आणि त्यांनी ते बघितलं. काही न विचारता त्यांनी बाळाला तिच्या मांडीवरून उचललं, घरातून चालत गेले आणि मागचं दार उघडून रानाच्या कडेला जाऊन उभे राहिले. बाळ रडायला लागलं. राजेश्वरी घाबरून मागं धावली, तिच्यामागं मी.

"मेजर, काय झालं? द्या त्याला."

"हितं बसून चार त्याला, पोरी," मेजर म्हणाले. "हितं वारं हाय. हितं बस."

"आवं, हितं न्हाई खायाचा त्यो," ती हसून म्हणाली. तिला वाटलं म्हाताऱ्याला नातीची आठवण आली. "लय नादी हाय. दोन दिस सामान टाकाया येतोय, तवापास्नं गाड्या बघितल्याबिगर घासच घेत न्हाई."

तिनं हात पुढं केले. मेजरांनी बाळाला तिच्याकडं दिलं. ती घरातून परत पुढं गेली, ओट्यावर बसली आणि बाळाला रस्त्याकडं तोंड करून धरलं. एक भरला ट्रक आला, त्यानं चढासाठी गिअर टाकला, बाळानं आनंदानं मोठा आ केला आणि तिनं घास भरवला.